मास्तर हजार, ऐकणारं कोणी नाही

या वेळचं पत्र कोकणातून आलं आहे. लिहिणारे वाचक ४६ वर्षांचे, कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतात. लहानपणी वडिलांकडे पेटी शिकले, भजनाला साथ करण्याइतपत हात होता, पुढे सुटला. दोन वर्षांपूर्वी त्यांनी ऑनलाइन एक साधी गिटार मागवली आणि यूट्यूबवरून शिकायला सुरुवात केली. आजवर दोन विकतचे कोर्स घेतले, त्यांतला एकही अर्ध्यापुढे गेला नाही. डझनभर गाण्यांच्या सुरुवाती येतात, पूर्ण गाणं एकही नाही. एफची बार कॉर्ड (तर्जनी सगळ्या तारांवर आडवी टाकून धरायचा सुरांचा गट) काही केल्या लागत नाही. मे महिन्यात जरा बरी वाजायची, ऑगस्टपासून तीही बंद. बोटं आखूड आहेत आणि वय झालं, अशी त्यांची खात्री होत चालली आहे. रात्री खोलीचं दार लावून सराव करतात. भजनी मंडळात गाणाऱ्या त्यांच्या पत्नी अधूनमधून विचारतात, "आज तरी पुढचं कडवं येणार का?" गावात एक क्लास आहे, पण तिथे सगळी शाळकरी मुलं. त्यांचे प्रश्न असे: गुरूशिवाय ही विद्या येतच नाही का? चांगली महागडी गिटार घ्यावी का? की आता थांबावं?

नमस्कार सर,

तुमच्या प्रश्नांची उत्तरं द्यायच्या आधी त्या मे आणि ऑगस्टपाशी जरा थांबूया. मे महिन्यात लागणारी कॉर्ड ऑगस्टमध्ये लागेनाशी झाली, यावरून तुम्ही वय झाल्याचा निष्कर्ष काढलात. तीन महिन्यांत कुणाचं इतकं वय होत नाही. मधल्या काळात तुमच्याकडे कोकणातला पाऊस पडला आहे. लाकडी गिटारला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते, आणि कोकणात पावसाळ्यात ती ८० टक्क्यांच्या वर जाते. लाकूड पाणी धरतं, गिटारच्या पोटाची पुढची फळी किंचित फुगते, तिच्याबरोबर ब्रिज, म्हणजे तारा अडकवलेली पट्टी, वर येतो आणि तारा मानेपासून लांब जातात. तारांना गंज चढतो तो वेगळाच. दोन वर्षांत तारा बदलल्याचा तुमच्या पत्रात कुठे उल्लेख नाही, त्यामुळे त्या मूळच्याच असाव्यात असं मी धरून चालते. तसं असेल तर तुमच्या बोटांना दोष देण्यापूर्वी गिटार तपासा.

तपासणी घरी होते. शाळेची मोजपट्टी घ्या आणि बाराव्या फ्रेटपाशी (फ्रेट म्हणजे मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) जाड तारेच्या खाली किती अंतर आहे ते बघा. दोन-अडीच मिलिमीटर ठीक, तीनपर्यंत चालवून घ्यावं, चारच्या पुढे असेल तर ती गिटार कुणालाही जड जाईल. मग दुसरी चाचणी, आणि तुमच्या एफसाठी हीच महत्त्वाची. पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, लावा आणि तोच बार कॉर्डचा आकार एक घर वर धरा. एकदम सोपा वाटला तर दोष नटचा आहे. नट म्हणजे मानेच्या टोकाची ती खाचा असलेली पांढरी पट्टी. स्वस्त गिटारींमध्ये या खाचा पुरेशा खोल कापलेल्या नसतात. त्यामुळे पहिल्या फ्रेटपाशी तारा उंच राहतात, आणि एफ धरायची नेमकी तिथेच. कारखान्यातून तशीच आलेली गिटार घेऊन कित्येक माणसं महिनोन्‌महिने स्वतःला नालायक समजत बसतात.

यावर उपाय म्हणजे सेटअप. रत्नागिरी, कोल्हापूर किंवा पुण्याला जाणं होईल तेव्हा वाद्यं दुरुस्त करणाऱ्याकडे गिटार द्या आणि "नट आणि ॲक्शन खाली घ्या, मान तपासा" एवढं सांगा. ॲक्शन म्हणजे तारांची मानेपासूनची उंची. मानेच्या आत एक लोखंडी सळई असते. ती फिरवून बाक काढता येतो, पण तो प्रयोग घरी व्हिडिओ बघून करू नका. जाताना दहा किंवा अकरा नंबरच्या तारा घेऊन जा. ॲकूस्टिक गिटारला सहसा बारा नंबरचा संच लावलेला असतो. दहाच्या तारांना ताण कमी लागतो, बोटं कमी दुखतात. आवाज थोडा पातळ होतो, होऊ द्या. नव्या गिटारच्या पुढे हा सगळा खर्च किरकोळ आहे.

बोटांबद्दल एकच सांगते. जँगो राइनहार्ट नावाच्या गिटारवादकाचा डावा हात १९२८ साली त्याच्या राहत्या गाडीला लागलेल्या आगीत भाजला. अनामिका आणि करंगळी जवळजवळ निकामी झाली. त्यानंतर तो मुख्यतः उरलेल्या दोन बोटांवर वाजवत राहिला आणि युरोपातल्या जॅझचं सर्वांत मोठं नाव झाला. तुम्ही जँगो व्हाल असं माझं म्हणणं नाही. पण आखूड बोटांमुळे चार कॉर्ड्स अडतात हे कारण त्याच्यापुढे टिकत नाही, आणि एफमध्ये लांबीचा प्रश्न फारसा येतही नाही. नीट बघा: सहा तारांपैकी तीन तारा बाकीची बोटं दाबतात. तर्जनीला जबाबदारी उरते फक्त सर्वांत जाड सहाव्या, आणि बारीक दुसऱ्या आणि पहिल्या तारेची. तर्जनी सपाट ठेवू नका, किंचित वळवून अंगठ्याकडची हाडाची कड तारांवर आणा, फ्रेटच्या तारेला अगदी चिकटून. कोपर अंगाशी घ्या. अंगठ्याने चिमटा काढण्यापेक्षा हाताचं वजन मागे ओढलं तर जोर अर्धा लागतो. बोटांची टोकं दुखणं ठीक आहे, काही आठवड्यांत कातडी घट्ट होते. मात्र मनगटात कळ येत असेल किंवा बोटांना मुंग्या येत असतील तर त्या दिवशी गिटार खाली ठेवायची, आणि तसं वारंवार झालं तर डॉक्टरांना दाखवायचं.

आता गुरूचा प्रश्न. "गुरूविण कोण दाखवील वाट" हे आपल्याकडे इतक्या खोलवर मुरलेलं आहे, की एकट्याने शिकणाऱ्याला आपण काहीतरी चोरून करतोय असं वाटत राहतं. तुम्ही दार लावून बसता त्यात त्याचाही थोडा भाग असावा. वेस माँटगोमेरी या अमेरिकन जॅझ गिटारवादकाने विशीच्या सुमारास गिटार मनावर घेतली आणि त्याच्या आधीचा गिटारवादक चार्ली ख्रिश्चन याच्या रेकॉर्ड्स पुन्हा पुन्हा ऐकून त्यातले तुकडे जसेच्या तसे बसवले. मास्तर नाही, स्वरलिपी वाचता येत नाही. तेव्हा माहिती मिळवण्याचा मार्ग म्हणाल, तर तो तुमच्यापाशी त्याच्यापेक्षा शंभरपट मोठा आहे. जस्टिन सँडरको हा टास्मानियाचा शिक्षक २००३ पासून पायरीपायरीने लावलेले धडे ऑनलाइन देतो आहे, त्यांतला मोठा भाग फुकट, आणि ते बऱ्याच क्लासेसच्या तोडीचे आहेत. धडे इंग्रजीत आहेत, पण तुम्हाला त्याची अडचण नसावी.

तरीही दोन वर्षांत तुमचं एकही गाणं पूर्ण झालेलं नाही. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, त्यात "बघितलं" हा शब्द जागोजागी आहे. हा व्हिडिओ बघितला, तो कोर्स बघितला, तिसऱ्याने एफ कसा सांगितला ते बघितलं. "वाजवलं" जेमतेम दोनदा. तुम्हीच वर्गात शिकवता, तेव्हा तुम्हाला हे माहीत आहे: फळ्यावरचं गणित बघताना प्रत्येक मुलाला समजलेलं असतं. व्हिडिओतला मास्तर उत्तम शिकवतो, पण तुमचा हात त्याला दिसत नाही आणि तुमचा आवाज ऐकू जात नाही. तुम्ही कॉर्ड बदलताना प्रत्येक वेळी अर्धी मात्रा थांबत असाल, तर तो हसतमुखाने पुढे जातो. समोर बसलेल्या मास्तरांकडे जी गोष्ट असते ती मुख्यतः हीच: ते ऐकतात, आणि थांबवतात. माहितीची तूट तुम्हाला कधीच नव्हती. तुम्हाला दोन वर्षांत कुणी ऐकलेलं नाही, तुम्ही स्वतःसुद्धा नाही. वाजवता वाजवता स्वतःला ऐकणं नवशिक्याला जवळजवळ अशक्य असतं, सगळं लक्ष बोटांत गेलेलं असतं.

म्हणून पहिलं काम: आठवड्यातून एकदा, समजा रविवारी, मोबाइल टेबलावर उभा करा आणि एका कडव्याचं रेकॉर्डिंग करा. लगेच ऐकू नका. दुसऱ्या दिवशी ऐका, शक्यतो हातात गिटार नसताना. ऐकताना एकच गोष्ट तपासा, लय कुठे तुटते. सूर नंतर. माझा अंदाज असा, की ती दर वेळी त्याच एक-दोन बदलांपाशी तुटत असेल. मग पुढचा आठवडा फक्त त्या दोन कॉर्ड्सचा. एक मिनिटाचा गजर लावा आणि मिनिटात किती स्वच्छ बदल होतात ते मोजा. तीसच्या आसपास आलात की ते गाण्यात खपून जातं. एक कडक नियमही पाळा: गाणं सुरू झालं की चूक झाली तरी थांबायचं नाही. कॉर्ड चुकली, चुकू द्या, उजवा हात चालू ठेवा. ऐकणाऱ्याला चुकलेली कॉर्ड क्वचित कळते, थांबलेली लय सगळ्यांना कळते.

उजव्या हातासाठी तर तुम्हाला नवीन काही शिकायची गरजच नाही. भजनाला साथ केलेला माणूस केरवा विसरत नाही. आठ मात्रा आहेत; विषम मात्रांना हात खाली, सम मात्रांना वर. "धा गे ना ति न क धि न" मनात म्हणत नुसता हात खाली-वर करा, तारांना लागला नाही तरी चालेल. मग पहिल्या आणि पाचव्या मात्रेवर जरा जोरात मारा. झालं स्ट्रमिंग. व्हिडिओंत बाणांच्या ज्या चित्रविचित्र आकृत्या दाखवतात त्या बहुतेक वेळा याच आठ मात्रांपैकी काही गाळून बनवलेल्या असतात. दादऱ्याचं गाणं असेल तर सहा मात्रा, पहिली आणि चौथी ठळक. फोनवर टिकटिक करून लय देणाऱ्या मेट्रोनोमऐवजी तबल्याचं ॲप लावलंत तर जास्त रमाल.

पेटीचा उल्लेख तुम्ही पत्रात ओझरता केला आहे, "लहानपणी थोडी यायची" असा. मला वाटतं तीच तुमची सर्वांत मोठी जमेची बाजू. मेजर कॉर्ड म्हणजे सा-ग-प, मायनर कॉर्ड म्हणजे त्यातला गंधार कोमल, हे तुम्हाला पेटीवर एका मिनिटात दिसेल. ऑनलाइन कोर्समध्ये यावर कितीतरी वेळ जातो. तुमची आणखी एक तक्रार होती, की व्हिडिओतल्या कॉर्ड्सवर गायला गेलं की आवाज पोचत नाही. ती तर पट्टीची भानगड. व्हिडिओवाला त्याच्या पट्टीत शिकवतो, तुम्ही तुमच्या पट्टीत गाता. पांढरी एक म्हणजे सी, पांढरी दोन म्हणजे डी, काळी एक म्हणजे त्यांच्यामधला सी शार्प. तुम्ही काळी एकमध्ये गात असाल तर कॅपो चौथ्या फ्रेटवर लावून ए, डी आणि ई हे साधे आकार धरा, सूर बरोबर काळी एकचा येईल. अर्धा सूर वर गाणं झेपत असेल तर पांढरी दोनमध्ये गा. तिथे कॅपोही नको, डी, जी, ए झाले की काम चालू. यांत एफ कुठेच नाही, हे लक्षात आलं का? आता हीच पट्टी काळी एक ठेवून पहिल्या फ्रेटवर कॅपो लावला आणि सीच्या घराण्यातल्या कॉर्ड्स धरल्या, तर एफ दारात उभा. ज्या कॉर्डवर तुम्ही एवढे महिने घालवलेत ती टाळून गाण्यांचा मोठा साठा वाजवता येतो. एफचा सराव सोडू नका, रोज दोन-तीन मिनिटं द्या, पण त्याच्यासाठी गाणी अडवून ठेवू नका. मध्येच एखाद्या गाण्यात एफ आलाच तर छोटा आकार धरा: चौथ्या तारेचा तिसरा फ्रेट, तिसऱ्या तारेचा दुसरा, दुसऱ्या तारेचा पहिला, आणि पहिली तार मोकळी. शास्त्रापुरता तो वेगळा कॉर्ड आहे, पण गाण्यात बहुतेक ठिकाणी शोभतो.

घरातल्या पेटीबरोबर गिटार वाजवणार असाल तर ट्यूनरवर आंधळा विश्वास नको. फोनमधला ट्यूनर ए या सुरासाठी ४४० हर्ट्‌झ धरून चालतो, जुनी पेटी त्याहून थोडी वर-खाली असू शकते. पेटीचे सूर हलत नाहीत, म्हणून गिटारच पेटीला मिळवून घ्यायची.

तुमच्या मनात अभंगांना साथ करायची असेल, आणि असावी असं वाटतं, तर एक सावधगिरी. रागदारीच्या अंगाने जाणाऱ्या चालींवर तीन कॉर्ड्स ठोकल्या की चाल गुदमरते. तिथे डीच्या आकारात पहिली तार वाजवू नका. त्या कॉर्डमधला गंधार त्याच तारेवर असतो, तो गेला की फक्त सा आणि प उरतो. तंबोऱ्यासारखा तो धरून ठेवा. गणपतीच्या आरत्या, साधी भावगीतं, चित्रपटगीतं यांना मात्र कॉर्ड्स खुशाल वापरा.

आता ठरवायचं काय, तर तीन गाणी निवडा. तुम्हाला आवडणारी, शब्द पाठ असलेली, तीन-चार कॉर्ड्सची. ती पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाजेपर्यंत चौथ्या गाण्याचा व्हिडिओ उघडायचा नाही. ऑनलाइन शिक्षक एकच ठेवा, निदान तीन महिने. दुसरा जास्त चांगलं सांगत असेल, सांगू दे. धडा बघताना गिटार बाजूला ठेवा, वाजवताना फोन दुसऱ्या खोलीत. रोज वीस मिनिटं मिळाली तर भरपूर झालं. रविवारी एकदम दोन तास बसण्यापेक्षा रोजची वीस मिनिटं हाताच्या जास्त लक्षात राहतात. आणि गिटार कपाटात टाकू नका. पावसाळ्यात पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी लागते हे खरं, पण पिशवी डोळ्यांसमोर असू द्या, ओल धरणाऱ्या भिंतीपासून लांब.

क्लासबद्दल. शाळकरी मुलांत बसायला संकोच वाटतो हे मी समजू शकते, पण तो क्लास तुम्हाला तसाही फारसा उपयोगी पडणार नाही. मुलांना बहुधा ट्रिनिटी किंवा रॉकस्कूलच्या ग्रेड परीक्षांचा अभ्यासक्रम चालू असतो. तुम्हाला परीक्षा द्यायची नाही, गाण्याला साथ करायची आहे. म्हणून सरळ त्या सरांना फोन करा आणि विचारा: "मला नियमित क्लास नको, महिन्यातून एकदा अर्धा-पाऊण तास तुमच्यासमोर वाजवायचं आहे. माझा हात बघा, चुका सांगा. फी तुम्ही म्हणाल ती." बरेच शिक्षक याला आनंदाने तयार होतात. ते नाही म्हणाले तर हेच तास व्हिडिओ कॉलवर देणारे पुण्या-मुंबईतले शिक्षक मिळतात. फक्त कॅमेरा डाव्या हाताच्या बाजूने लावा, चेहरा दिसला नाही तरी चालेल. मधल्या तीस दिवसांत यूट्यूब आहेच. गुरू की ऑनलाइन असा निवाडा करायची वेळच येत नाही.

आणि महिन्यातून एकदा ऐकणारे सर मिळेपर्यंत घरातल्या जाणकार श्रोत्याचं काय? "आज तरी पुढचं कडवं येणार का" हा तुम्हाला टोमणा वाटला. मला तर तो दाराबाहेरून दोन वर्षं ऐकत असलेल्या गायिकेचा प्रश्न वाटतो. त्यांना पुढचं कडवं हवं आहे. त्यांची पट्टी विचारा. काळी चार म्हणाल्या तर कॅपो पहिल्या फ्रेटवर, आकार जी, सी, डी आणि ई मायनर. काळी पाच असेल तर तोच कॅपो तिसऱ्या फ्रेटवर. दोन्हीकडे एफ नाही. त्यांना गाऊ द्या, तुम्ही फक्त हात चालू ठेवा. गाणारं माणूस तुमच्यासाठी थांबत नाही, आणि त्यामुळे चूक झाली तरी पुढे जायची सवय आठवड्याभरात लागते. हाच मार्ग बाकी वाचकांनाही सुचवते. ज्यांच्या घरात गाणारं कोणी नाही त्यांनी शेजारी, सहकारी, कॉलेजातलं पोर, कुणालाही धरावं. अगदीच कोणी नसेल तर मूळ गाणं मंद आवाजात लावून त्याच्या मागून वाजवावं.

थांबावं का, असंही विचारलं आहे तुम्ही. थांबायला हरकत काहीच नाही, कुणी तुम्हाला गिटारची सक्ती केलेली नाही. पण सेटअप केलेल्या गिटारवर, तुमच्या पट्टीत, एक गाणं पूर्ण वाजवून बघा आणि मग ठरवा. आत्ता थांबलात तर ते गंजलेल्या तारांवरून ठरवल्यासारखं होईल.

नव्या गिटारचं शेवटी ठेवलं, कारण त्याची घाई नाही. सेटअपनंतरही जुनी सुरात राहत नसेल, वरच्या फ्रेट्सवर बेसूर होत असेल, तर घ्या. दहा-बारा हजारांच्या आसपास यामाहासारख्या कंपन्यांच्या भरवशाच्या गिटारी मिळतात, शिकणाऱ्याला त्याच्या पुढे जायचं कारण नाही. पण या खेपेला ऑनलाइन मागवू नका. मुंबईत धोबी तलावाला १८६५ साली सुरू झालेल्या फुर्ताडोजचं दुकान आहे, पुण्यातही चांगली दुकानं आहेत. पाऊस संपल्यावर, दिवाळीच्या सुमारास जा, एकाच मॉडेलच्या तीन-चार गिटारी हातात घेऊन बघा. त्या दिसायला सारख्या असल्या तरी नट आणि ॲक्शनमध्ये फरक असतो. दुकानात विक्रेता तुमच्यासाठी काहीतरी झकास वाजवून दाखवेल, त्याला हसून मान द्या आणि गिटार परत मागून घ्या. पहिल्या फ्रेटवर एफ धरा, मग तुमच्या तीन गाण्यांतलं एक पूर्ण वाजवा, लोक बघत असले तरी. आणि वहिनींना सोबत न्या, गाणं त्यांच्याच पट्टीतलं असेल.